नॉमिनीच्या नावावर घर चढवणाऱ्या सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सर्व सदस्य,
महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्था

स. न. वि. वि.

‘दिवंगत सभासदांनी केलेल्या नामनिर्देशनानुसार सदर सदनिकेचा मालकी हक्क त्यांच्या चिरंजीवांच्या नावे वर्ग करण्यात यावा, असे सर्वानुमते ठरले.’

डोंबिवलीतल्या माझ्या माहेरच्या सोसायटीने केलेला हा ठराव आहे. दिवंगत सभासद म्हणजे माझे वडील आणि चिरंजीव म्हणजे माझा धाकटा भाऊ. ठरावात आईचा उल्लेख नाही, आणि ती त्याच घरात राहते. मोठ्या बहिणीचा नाही, माझा नाही. सर्वानुमते म्हणजे समितीतल्या सगळ्यांच्या मते. ज्यांचा हक्क त्या एका ओळीत निकालात निघाला, त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, आणि पुढचा विषय पाण्याच्या टाकीची सफाई.

सोसायटीचं नाव मी लिहीत नाही. आई तिथेच राहते, जिन्यात रोज त्याच माणसांची गाठ पडते. शिवाय हा प्रकार एका इमारतीपुरता असता तर मी घरगुती पत्रावर भागवलं असतं, चव्हाट्यावर आले नसते. पण आमच्या ठरावाबद्दल चार लोकांत बोलू लागले तेव्हा ठाण्याच्या मामेबहिणीपासून नाशिकच्या शेजारणीपर्यंत जो तो आपापली फाइल घेऊन पुढे आला. कागद वेगळे, शिक्के वेगळे, वाक्य तेच. राज्यात लाखाहून अधिक गृहनिर्माण संस्था आहेत. त्यांतल्या कितींच्या इतिवृत्तात हे वाक्य बसलेलं असेल, याचा विचार केला की माझी झोप उडते.

माझी नोकरी एका सहकारी बँकेत झाली. त्यातली बरीच वर्षं मयत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल माझ्याकडे होतं. त्यामुळे नॉमिनी हा शब्द मला नवा नाही. नॉमिनीला पैसे देताना, वारसांच्या वतीने ही रक्कम स्वीकारत आहे, अशा अर्थाचा मजकूर आम्ही समोर ठेवायचो आणि तो वाचून दाखवायचो. कुणी कपाळाला आठ्या घालायचं, कुणी न वाचता सही ठोकायचं, पण मजकूर असायचा. म्हणून तो ठराव वाचून मला आधी नवल वाटलं. राग नंतर आला, सचिवांनी फोनवर सांगितलं तेव्हा: “ताई, नॉमिनी तोच आहे ना? मग मालक दुसरा कोण असणार?”

या प्रश्नाचं उत्तर एकट्या त्यांना देऊन उपयोग नाही, म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

मालक कोण, हे नॉमिनेशनचा फॉर्म ठरवत नाही. सभासद गेल्यावर संस्थेने कुणाशी व्यवहार करायचा, मेंटेनन्सचं बिल कुणाच्या नावे काढायचं, नोटीस कुणाच्या हातात द्यायची, एवढंच तो फॉर्म ठरवतो. घर जातं ते मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर त्या त्या कुटुंबाला लागू असलेल्या वारसा कायद्याप्रमाणे. गावी जाताना आपण शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. शेजारी दार उघडतात, झाडांना पाणी घालतात, गॅसवाल्याला आत घेतात, म्हणून घर त्यांचं होत नाही.

हे माझं मत असतं तर तुम्ही खुशाल बाजूला ठेवलं असतं. पण गृहनिर्माण संस्थेतला नॉमिनी वारसांचा हक्क हिरावू शकत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच सांगितलं आहे. आयुर्विम्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1983 मध्ये निकाल दिला की नॉमिनी म्हणजे रक्कम स्वीकारायला अधिकृत केलेला हात, रक्कम मात्र वारसांची. बँक ठेवींबद्दल 2010 मध्ये तेच. शेअर्सच्या बाबतीत मध्यंतरी गोंधळ झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी 2010 मध्ये नॉमिनीला मालक मानलं, 2016 मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ते मत खोडलं आणि 14 डिसेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं: मालमत्ता वारशाने जाते किंवा मृत्युपत्राने जाते, नॉमिनेशन हा तिसरा मार्ग नाही. विम्यात 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको आणि मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आली, हे खरं. पण ती तरतूद विम्याच्या कायद्यात आहे, तुमच्या सोसायटीच्या दप्तरात नाही.

तुमच्यातले काही जण आता 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचं नाव काढतील. बंगालमधल्या एका सोसायटीचं ते प्रकरण होतं आणि संस्थेने नॉमिनीच्या नावे हस्तांतर केलंच पाहिजे, असं त्यात म्हटलेलं आहे. निकालाची पहिली पानं मोबाइलवर फिरतात, शेवटची फिरत नाहीत. घरातल्या इतरांना वारसा कायद्याप्रमाणे आपला हक्क मागायची मोकळीक त्याच निकालाने ठेवली आहे. संस्थेने नॉमिनीचं नाव दप्तरी लावावं याला माझी कधीच हरकत नव्हती. नाव लावणं आणि मालकी देणं यांत फरक आहे, आणि तुम्ही ते एका दमात करून टाकता.

आपल्या राज्यात तर हा फरक कायद्यातच लिहून ठेवला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यातलं कलम 154ब-13 एकदा सावकाश वाचा. सभासद वारल्यावर नॉमिनीला प्रोव्हिजनल मेंबर, म्हणजे तात्पुरता सभासद करून घ्यायचं; मृत्युपत्र, वारस दाखला, उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा वारसांनी आपसांत केलेली कौटुंबिक व्यवस्था यांच्या आधारे खरे हक्कदार सभासद होईपर्यंत. आदर्श उपविधींतही, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांतही, नॉमिनीने सदनिका विश्वस्त म्हणून सांभाळायची आणि तिसऱ्या कुणाचा हक्क निर्माण करायचा नाही, असंच आहे. बहुतेक सोसायट्यांनी हे उपविधी स्वीकारलेले आहेत. म्हणजे जे पुस्तक सचिवांच्या कपाटात आहे, त्याच्याविरुद्ध ठराव त्याच कपाटासमोर बसून होतात.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार शेअर सर्टिफिकेटच्या पाठीमागची. वडिलांचं सर्टिफिकेट जुनं आहे, पन्नास रुपयांचे पाच शेअर, कडा पिवळ्या पडलेल्या, मध्ये घडीवर चिकटपट्टी. मागच्या बाजूला हस्तांतराचा तक्ता असतो. त्यात निळ्या शाईत भावाचं नाव, समोर दोन पदाधिकाऱ्यांच्या आणि एका सदस्याची अशा सह्या, त्यावर गोल शिक्का, आणि शेऱ्याची जागा कोरी. तिथे एक शब्द लिहायचा होता: तात्पुरता. तो नसल्यामुळे उद्या हे सर्टिफिकेट हातात घेणाऱ्या कोणालाही, मग तो दलाल असो, बँक असो की बिल्डर, समोरचा माणूस पूर्ण मालक वाटणार. ‘आय’ नमुन्यातल्या सभासद नोंदवहीतही तसंच. तात्पुरत्या सभासदासाठी वेगळी खूण करावी, वेगळं पान ठेवावं, असं कुणाच्या मनातही येत नाही.

दुसरी तक्रार नॉमिनेशनच्या फॉर्मबद्दल. तीन प्रतींत भरायचा हा फॉर्म वडिलांनी कधी भरला ते मला ठाऊक आहे. इमारत नवी होती, सोसायटी नोंदणी झाली होती आणि सचिव घरोघरी फिरून सह्या घेत होते. भाऊ तेव्हा शाळेत होता. ‘मुलाचं नाव टाका, बाकीच्या मुली काय, लग्न होऊन जाणार,’ एवढ्या चर्चेवर तो रकाना भरला गेला. वडिलांना वाटलं असेल की आपण एक सरकारी सोपस्कार उरकतोय. आपण बायकोला तिच्याच घरात पाहुणी करतोय, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसेल, आणि कायद्याने ते तसं केलंही नव्हतं. ते तुम्ही केलंत.

फॉर्मही असा की माणूस फसावा. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, म्हणून तो मृत्युपत्रासारखा दिसतो. प्रत्येक नॉमिनीचा हिस्सा किती, याचा रकाना असतो, म्हणून ती वाटणी वाटते. नॉमिनी हा मालक नाही, एवढी एक ओळ मात्र ठळक अक्षरांत कुठेही छापलेली नसते. नॉमिनेशन हवं तितक्या वेळा बदलता येतं, पहिल्या नॉमिनेशनच्या नोंदीला शुल्कही नसतं, हेही सभासदाला सांगितलं जात नाही. त्यामुळे लग्नाआधी आईचं नाव घातलेला माणूस, पुढे संसार मांडून, दोन मुलं वाढवून अचानक जातो आणि सोसायटीचा कागद त्याच्या म्हाताऱ्या आईच्या नावे निघतो. माझ्या मैत्रिणीच्या भावजयीचं नेमकं हेच झालं. सासू आणि सून दोघीही कायद्याने पहिल्या वर्गाच्या वारस, मुलंही. सोसायटीने सासूला मालकीण ठरवलं, मग दिराने सासूची सेवा सुरू केली. पुढचं सांगायला नको.

इथे थोडं थांबून वारसांबद्दल बोलते, कारण समितीच्या बैठकांत या बाबतीत अफाट अज्ञान ऐकू येतं. ‘मुलींना हक्क 2005 नंतर मिळाला, तुमचं लग्न त्याआधीचं,’ असं मला तोंडावर सांगण्यात आलं. 2005 ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेबद्दल होती. वडिलांनी स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या कर्जावर घेतलेल्या फ्लॅटचं तसं नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे 1956 पासूनच विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई हयात असल्यास तीही, सगळे समान वाट्याचे धनी. मुलीचं लग्न झालंय की नाही याचा तिथे संबंध नाही. आमच्या घरात आजी नाही, तेव्हा आई, ताई, मी आणि भाऊ असे चार समान हिस्से. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांत वारसांची गणितं वेगळी असतील, पण नॉमिनीचा अर्थ सर्वांना एकच.

तिसरी तक्रार त्या ‘ना हरकत’ कागदाची, आणि ही जरा सविस्तर मांडते. काही सोसायट्या सावध असतात. त्या नॉमिनीला म्हणतात, बहिणींची एनओसी आणा. मग स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला मजकूर बहिणींकडे येतो, राखीच्या किंवा भाऊबिजेच्या आसपास, कारण तेव्हा त्या घरी येतात. ‘आमचा सदर सदनिकेवर कोणताही हक्क राहिलेला नाही.’ नोटरीचा लाल शिक्का, फोटो, झालं. सोसायटी खूश, भाऊ खूश. पण स्थावर मालमत्तेतला हिस्सा असा नोटरीच्या शिक्क्याने सुटत नाही. त्यासाठी हक्कसोडपत्र करावं लागतं आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. म्हणजे बहिणीला वाटतं आपण हक्क सोडला, भावाला वाटतं आपण मालक झालो, आणि कायद्याच्या नजरेत दोन्ही झालेलं नसतं. दहा वर्षांनी भाऊ घर विकायला काढतो तेव्हा खरेदीदाराच्या बँकेचा वकील टायटल तपासताना विचारतो, बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठे आहे? तोवर एखादी बहीण वारलेली असते, तिचे वारस कॅनडात असतात. व्यवहार मोडतो, बयाण्यावरून भांडण होतं. सोसायटीच्या या शॉर्टकटमुळे ज्याचं भलं करायचं म्हणून तो काढला, त्या नॉमिनीचंच नुकसान होतं.

सही करताना बहिणीला काय सांगितलं जातं, ते मी ऐकलं आहे. “अगं, नुसती सोसायटीच्या दप्तरासाठी आहे.” नुसत्या दप्तरासाठी आहे तर हक्क सोडल्याचा मजकूर कशाला?

हक्क सोडायला माझा विरोध नाही, हेही इथे लिहून ठेवते. आईची काळजी जो घेतो त्याला जास्त मिळावं, असं ताईला आणि मला दोघींना वाटतं. पण ते आम्ही ठरवू, आईला शेजारी बसवून ठरवू आणि दुय्यम निबंधकासमोर जाऊन सही करू. समितीने ते आमच्या वतीने ठरवून टाकायचं नाही.

चौथी तक्रार दाराबाहेर उभं करण्याची. ठरावाची प्रत मागितली तर उत्तर आलं, ‘प्रत सभासदालाच मिळते, तुम्ही सभासद नाही.’ सभासद का नाही, तर तुम्ही ठराव केला म्हणून. आक्षेपाचं पत्र दिलं तर त्याच्या प्रतीवर आवक शिक्का मारायला नकार. वॉचमनकडे ठेवून जा, म्हणाले. शेवटी रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवावं लागलं. संस्थेला आलेलं पत्र नोंदवून पोच देणं यात कुणाचीही बाजू घेणं होत नाही, हे साधं कार्यालयीन वळण आहे. पंधरा फ्लॅटच्या सोसायटीतही आवक-जावक वही असते, कारण बिल्डरला नोटीस काढताना तीच वही तुम्ही मिरवता.

पाचवी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात धोक्याची गोष्ट: पुनर्विकास. जोवर जुनी इमारत उभी आहे तोवर नॉमिनीच्या नावावरून निदान वाद तरी घालता येतो. इमारत पाडायला निघाली की सगळंच वेगाने बदलतं. पुनर्विकासाची संमती नॉमिनीची, बिल्डरकडून दरमहा येणारं भाडं नॉमिनीच्या खात्यात, कॉर्पसची, म्हणजे बिल्डरने द्यायची एकरकमी रक्कम त्याच्याच खात्यात, आणि शेवटी नव्या फ्लॅटचा नोंदणीकृत करार फक्त त्याच्या नावे. जुन्या सर्टिफिकेटवर कोरी राहिलेली शेऱ्याची जागा इथे येऊन महागात पडते. कारण आता नॉमिनीच्या हातात सोसायटीचा साधा कागद नसतो, सरकारी शिक्क्याचा करार असतो. वारसांनी दावा लावायचा तर आता बिल्डरलाही पक्षकार करा, सोसायटीलाही करा, मनाई हुकूम मागा, आणि तोपर्यंत अख्ख्या इमारतीचं काम अडवणारी म्हणून शिव्या खा. डोंबिवली, ठाणे, मुलुंड, पुण्यातली जुनी मध्यवस्ती, सगळीकडे एकाच वेळी इमारती पडतायत. तुमच्या आजच्या एका निष्काळजी ओळीवर उद्या कोट्यवधींचे करार उभे राहणार आहेत.

आमच्या सोसायटीतही विकासकांची पत्रं येऊ लागली आहेत. मी आताच का बोलते आहे, ते यावरून लक्षात यावं.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. समितीचं काम बिनपगारी. ऑफिसातून दमून आल्यावर रात्री साडेनऊला मीटिंग, त्यात गळती, पार्किंग, कुत्री, लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार. घराघरांतली भांडणं अंगावर घ्यायला कुणाला वेळ आहे? ‘आम्ही काय वकील आहोत का,’ हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. पण म्हणूनच तर कायद्याने तुमच्यासाठी नॉमिनीची सोय करून ठेवली. वारस कोण, हिस्से किती, मृत्युपत्र खरं की खोटं, यातलं काहीही तुम्ही ठरवायचं नाही. ते दिवाणी न्यायालय बघेल. तुम्ही नॉमिनीला तात्पुरता सभासद लिहिलंत की तुम्ही सुटलात. उलट मालकी हक्क वर्ग करण्याचा ठराव केलात की जे तुम्ही ठरवायचंच नव्हतं ते ठरवून बसता आणि नको असलेलं भांडण स्वतःहून सोसायटीच्या उंबऱ्यात आणता.

माझा भाऊ वाईट नाही. ठराव झाल्यावर तोच म्हणाला की सोसायटीने सांगितलं म्हणजे तसंच असेल. लोक तुमच्या शिक्क्यावर किती विश्वास ठेवतात, याची तुम्हाला कल्पना नाही. घर म्हटलं की सामान्य माणसाला कोर्ट आठवत नाही, वकील आठवत नाही, सोसायटीचं ऑफिस आठवतं. तिथे बसलेले काका जे सांगतील तो कायदा. त्यातून कितीतरी घरांत भावाबहिणींचं बोलणं तुटलं आहे, आणि काकांना त्याचा पत्ताही नाही.

हा घोळ आता वाढणारच आहे. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात, प्रत्येकाची टक्केवारीही देता येते. लोक आणखी मोठ्या खात्रीने नॉमिनेशनलाच वाटणी समजतील. बँकेच्या टेबलावर निदान एखादी जाणती बाई मजकूर वाचून दाखवेल. सोसायटीत कोण दाखवणार?

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

यापुढे एकाही ठरावात नॉमिनीच्या नावे ‘मालकी हक्क वर्ग’ हे शब्द येऊ नयेत. नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून दाखल करण्यात येत आहे, वारसांचे हक्क अबाधित ठेवून, एवढंच लिहावं. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या नोंदीत आणि सभासद नोंदवहीत तोच शब्द लिहावा. ज्यांनी आधीच चुकीचे ठराव केले आहेत, त्यांनी दुरुस्तीचा ठराव करावा. 2019 नंतरचे ठराव तर तपासून काढलेच पाहिजेत. कलम समोर असताना ते झाले आहेत.

नॉमिनीचा अर्ज घेताना त्याच्याकडून सगळ्या वारसांची नावं आणि पत्ते लेखी घ्यावेत आणि प्रत्येकाला संस्थेने एक साधं पत्र पाठवावं. नॉमिनेशन नसेल तेव्हा उपविधींप्रमाणे फलकावर नोटीस लावता, वर्तमानपत्रांत जाहिरात देता, दावे मागवता. नॉमिनेशन असेल तेव्हा घरातल्या चार माणसांना कळवायला काय हरकत आहे? टपालखर्च नॉमिनीकडून घ्या. मृत सभासदाची पत्नी त्या घरात राहत असेल तर तिच्या हातात पत्र देऊन तिची सही घ्या, मुलामार्फत नको.

वारस नोंद पूर्ण होईपर्यंत विक्रीसाठी, गहाणासाठी, बक्षीसपत्रासाठी संस्थेचा ना हरकत दाखला देऊ नये. पुनर्विकास असेल तर तात्पुरत्या सभासदांची वेगळी यादी विकासकाला द्यावी आणि त्यांच्या नव्या सदनिकेचा करार सर्व वारसांच्या नावे किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहूनच करावा, अशी अट विकास करारात घालावी. भाडं कुणाच्या खात्यात जावं, हेही वारसांच्या लेखी संमतीने ठरावं. यामुळे प्रकल्प थांबत नाही. उलट नंतरचे मनाई हुकूम टळतात.

नोटरीच्या एनओसीवर हस्तांतर करणं बंद करा. हक्क सोडायचा तर नोंदणीकृत कागद आणा, असं नॉमिनीला स्पष्ट सांगा.

वारसाने दिलेलं कोणतंही पत्र आवक वहीत नोंदवून पोच द्या. वारस म्हणवणाऱ्याला त्याच्या कुटुंबाच्या सदनिकेबाबत झालेल्या ठरावाची प्रत, वाजवी शुल्क घेऊन, द्या.

आणि नॉमिनेशनच्या फॉर्मच्या वर, नावाच्या रकान्याच्याही आधी, मोठ्या अक्षरांत छापा: ‘नॉमिनी हा मालक नाही. तो कायदेशीर वारसांच्या वतीने तात्पुरता सभासद राहील. घर कुणाला द्यायचं हे ठरवायचं असेल तर मृत्युपत्र करा.’ त्याखाली, नॉमिनेशन केव्हाही बदलता येतं, हेही. त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहायला नको, एक रबरी शिक्का करून घेतलात तरी भागेल. छापील नमुन्यातच ही ओळ यावी म्हणून सहकार खात्याने परिपत्रक काढावं, ही विनंती मी या पत्राच्या प्रतीने त्यांनाही करत आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. यंदाच्या विषयपत्रिकेवर हा विषय ठेवा. कलम 154ब-13 मराठीत मोठ्याने वाचा, नॉमिनेशन नोंदवही टेबलावर ठेवा आणि सभासदांना सांगा की आपापलं नाव बघून घ्या. बायकांनाही बोलवा, फ्लॅट त्यांच्या नावावर नसला तरी. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारेल, ‘मग नॉमिनी टाकायचाच कशाला?’ तेव्हा उत्तर तयार ठेवा: तुम्ही गेल्यावर आम्ही दार कुणाचं ठोठवायचं, हे आम्हाला कळावं म्हणून.

आमच्या सोसायटीच्या समितीला मी दुरुस्तीच्या ठरावाचा मसुदा पाठवला आहे. तो चार ओळींचा आहे, त्यात कुणावर ठपका नाही. भावाने त्यावर सही केली आहे, आईने, ताईने आणि मीही. समितीची सही बाकी आहे. पुढच्या मासिक बैठकीत तो विषय घ्यावा. नाही घेतला तर मी उपनिबंधकांकडे रीतसर अर्ज करेन, आणि तिथेही पोच घेईन.

कळावे,

आपली,
एका दिवंगत सभासदाची मुलगी
डोंबिवली

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी:
सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था, महाराष्ट्र राज्य, पुणे